सव्वा तासाचा बंदोबस्त

वामनराव निमगडे यांनी विमानाने हैद्राबादला जायला होकार दिला तो एका बुधवारी, आंघोळीला जाता जाता, टॉवेल खांद्यावर असताना. हैद्राबादला नोकरी करणारा मुलगा प्रणित फोनवर होता. "बाबा, रविवारी या ना इकडे. तिकीट मी काढतो. नागपूरहून सव्वा तासाचा तर प्रश्न आहे," असं तो म्हणाला. वामनराव "बरं" म्हणाले आणि न्हाणीत शिरले. अंगावर पहिला तांब्या पडला आणि डोक्यात पहिली शंका आली. हा पोरगा आपल्याला तिकीट का काढून देतोय?

शंका घेणं हा वामनरावांचा धंदा होता. चंद्रपूरच्या एका दैनिकात त्यांनी चौतीस वर्षं बातमीदारी केली, आणि त्यात त्यांनी कोणाच्याही कोणत्याही म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही. एकदा धानोरा तालुक्यातला एक रस्ता कागदावर जितका लांब होता तितका जमिनीवर नव्हता. वामनरावांनी तो स्वतः टेप लावून मोजला, उन्हात, वाकून, दोन दिवस. ठेकेदार काळ्या यादीत गेला आणि वामनरावांची कंबर डॉक्टरकडे. तेव्हापासून पोलादी टेप त्यांच्या पिशवीत कायम असे. (ठेकेदार वर्षभरात काळ्या यादीतून बाहेर आला. कंबर अजून आलेली नाही.)

आंघोळ करून ते ताटावर बसले तेव्हा मीराबाईंनी पोहे वाढता वाढता म्हटलं, "जाऊन या ना जी. सव्वा तासाचा तं प्रश्न हाये."

संध्याकाळी मीराबाईंचा धाकटा भाऊ सुनिल आला. त्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. आल्याआल्या म्हणाला, "नागपूरपर्यंत मी सोडून देतो भाऊजी, माह्या गाडीनं. पुढं काय, सव्वा तासाचा तं प्रश्न हाये."

वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचा जुना अनुभव होता. जंगलातल्या गावात काही घडलं आणि तिथे गेल्यावर दहा माणसं दहा तऱ्हेनं बोलली तर समजावं की खरं बोलताहेत. तिघांनी एकच वाक्य म्हटलं तर कोणीतरी आदल्या दिवशी येऊन पढवून गेलं आहे. इथे तर बायको, मुलगा आणि मेहुणा, तिघांच्या तोंडी एकच वाक्य, शब्दाला शब्द. शिवाय हा तोच सुनिल होता, ज्याने स्वतःच्या साळ्याच्या वरातीलाही गाडी दिली नव्हती.

आता त्या घरात लपवण्यासारखं काय होतं, ते आधी सांगायला हवं. वामनरावांची मुलगी रिना एकोणतीस वर्षांची, शहरातल्या एका बँकेत कामाला. तिची तीन स्थळं आली आणि तिन्ही दिवाणखान्यातून परत गेली. पहिल्या मुलाला वामनरावांनी विचारलं की तुमच्या ऑफिसात हजेरीपटावर किती माणसं आहेत आणि प्रत्यक्षात किती येतात. मुलगा घामाघूम झाला. दुसऱ्याच्या वडिलांना ते गावाची वाट विचारत होते, तर त्यातून ग्रामपंचायतीच्या विहिरीचं प्रकरण निघालं. तिसऱ्या वेळी मीराबाईंनी मुद्दाम ते सिरोंचाला गेलेले असताना पाहुण्यांना बोलावलं. वामनरावांना वास लागला. त्यांनी सिरोंचाहून फोन केला, स्पीकर लावायला सांगितला आणि पाऊण तास फोनवरून उलटतपासणी घेतली. पाहुणे फोनला नमस्कार करून उठले.

त्यानंतर रिना महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा तरी मला त्या मुलाशी बोलू द्या. हो म्हणायचं की नाही, ते मी पाहीन. तुम्ही फक्त फोन करू नका."

फोन करायचा नाही म्हणजे फोन बंद हवा, आणि वामनरावांचा फोन बंद असेल अशी जागा पृथ्वीवर नव्हती. म्हणून मीराबाईंनी पृथ्वीच्या वरची शोधली होती. हे सगळ्या घराला ठाऊक होतं. फक्त ज्यांचा बंदोबस्त करायचा होता त्यांना नव्हतं.

वामनराव आपल्या पद्धतीने तपासाला लागले. त्यांनी आधी अंतर पाहिलं. इंटरनेटवर एका ठिकाणी नागपूर ते हैद्राबाद विमानाला पंचावन्न मिनिटं लिहिली होती. दुसऱ्या ठिकाणी एक तास पाच. तिकिटावर सव्वा तास. किलोमीटरही तिन्हीकडे वेगळे. एवढंसं अंतर, आणि त्याचे तीन आकडे. वामनरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. आधीच या प्रवासाने त्यांचं डोकं फिरलं होतं. चंद्रपूरच्या माणसाला दक्षिणेत हैद्राबादला उडून जायचं असेल तर त्याने आधी तीन तास उत्तरेला नागपूरला जायचं, तिथे दोन तास खुर्चीवर बसायचं आणि मग हवेत उलटं फिरून पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या अंगावरून खाली जायचं. बल्लारशाहून रेल्वेत बसलं असतं तर तेवढ्या वेळात माणूस हैद्राबादला पोचून, जेवून, आडवा झाला असता. (आमच्याकडे विमानतळ निवडणुकीच्या आधी येतो आणि निकालाच्या दिवशी जातो.)

त्यांनी विमान कंपनीला फोन लावला.

"सर, ड्युरेशन एक घंटा पंद्रह मिनट है," पलीकडची मुलगी म्हणाली.

"एका साइटवर पंचावन्न मिनट लिखा है. फिर बाकी के बीस मिनट विमान कहाँ रहता है?"

"सर, हवा में."

"किसकी परवानगी से?"

"सर, और कोई सहायता कर सकती हूँ?"

"तुमच्या ड्रायव्हरचा नंबर दे दो," वामनराव म्हणाले. फोन कापला गेला. वामनरावांनी मान हलवली. कंपनी प्रतिक्रिया देत नाही, म्हणजे पाणी मुरतंय.

शुक्रवारी मीराबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पक्का सव्वा तास लागते ना जी? आधी तं नाई पोचत?"

"आधी पोचलं तर चांगलंच."

"चांगलं कायचं? मी म्हनतो, एवढ्या वरून जोरात कायले चालवाले पाह्यजे."

"तू काळजी नको करू."

"अन् फोन? तो सारा वेळ बंदच ठेवा लागते ना?"

"नियमच आहे तसा."

"मंग ठीक हाये," मीराबाई म्हणाल्या आणि त्यांनी असा श्वास सोडला की सुपातला कोंडा उडाला.

बायकोला नवरा हवेत असताना त्याचा फोन बंद असल्याचा आनंद होतो, यातून साध्या माणसाने काय ते ओळखलं असतं. पण वामनराव साधे नव्हते. बायको, मुलगी, स्थळ असल्या बारक्या कारणासाठी आपल्याला कोणी आकाशात धाडील हे त्यांच्या मोठेपणाला पटेना. त्यांचं लक्ष वाळूकडे गेलं. नदीतून चोरून निघणाऱ्या वाळूवर ते मागचे दोन महिने माहिती गोळा करत होते. रविवार, सुट्टीचा दिवस, आणि नेमके त्याच दिवशी वामनराव निमगडे जिल्ह्याबाहेर. फोन बंद. वाळूवाल्यांनी सुनिलला फोडला आणि सुनिलने बहिणीला, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की शीर्षकसुद्धा सुचलं.

मग ते तिकीट रद्द का करत नव्हते? कारण कट उघडा पाडायचा तर आधी त्यात सापडावं लागतं, असं त्यांचं मत होतं. (शिवाय ते याआधी विमानात बसले नव्हते. पण हे कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.)

शनिवारी सकाळी शेजारचे रामाजी कुंपणाशी आले. माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. म्हणाले, "उद्या तुमच्याकडं पावने येऊन राह्यले म्हनते. रिनाले पाहाले. धानोऱ्याकडचे हायेत."

"कोण म्हणतं?"

"माही घरचीच सांगत होती. तिले मीराबाईनं सांगतलं."

झालं. सगळं प्रकरण कुंपणावर उघडं ठेवलं होतं. पण वामनरावांचा एक नियम होता. पंधरा वर्षांपूर्वी याच रामाजींच्या सांगण्यावरून त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीची बातमी दिली होती, आणि ती छापून आल्यावर सकाळी दस्तुरखुद्द जिल्हाधिकाऱ्यांचा फोन आला होता की मी कुठे गेलो ते मलाही कळवा. तेव्हापासून एका माणसाने सांगितलेली गोष्ट ही अफवा, दुसऱ्या स्वतंत्र माणसाने दुजोरा दिला तरच ती बातमी. रामाजी आणि रामाजींची बायको एका छताखाली राहत असल्याने त्यांच्या हिशेबात तो एकच माणूस होता.

दुजोऱ्यासाठी ते रिनाकडे गेले. ती ओट्यावर साडीला इस्त्री करत होती.

"उद्या कोणी येणार आहे?"

"मी काही बोलणार नाही बाबा."

"का?"

"नाही बोलणार."

वामनराव परत फिरले. संबंधितांनी बोलण्यास नकार दिला. बातमी बाद. धानोऱ्याचे पाहुणे त्यांनी मनातून काढून टाकले आणि पुन्हा वाळूकडे वळले.

रविवारी सुनिलने गाडी धुऊन आणली. रस्ताभर वामनराव त्याला आडून आडून विचारत राहिले. रेतीचा भाव काय चालू आहे, ट्रॅक्टरवाले झेरॉक्स काढायला येतात का, दुकान कसं चाललंय. सुनिल "हो भाऊजी", "नाई भाऊजी" करत गाडी हाणत होता. नागपूरला पोचल्यावर तो परत जायला तयार होईना.

"तू जा आता. तुला वेळ होईल."

"होऊ द्या. विमान वर गेलेलं पाहून मंगच जातो."

"काऊन?"

"मले विमान पाहाले आवडते, भाऊजी," सुनिल म्हणाला. बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप.

आत तपासणीत पिशवीतून पोलादी टेप निघाली. जवानाने ती ओढून पाहिली, सोडून पाहिली. "इससे क्या नापते हो, अंकल?"

"सरकार को," वामनराव म्हणाले. जवानाला ते उत्तर आवडलं असावं, पण टेप त्याने ठेवून घेतली. वामनराव पहिल्यांदाच निःशस्त्र झाले.

विमानात त्यांना डावीकडची खिडकी मिळाली. शेजारी साधारण त्यांच्याच वयाचे, उंच, मिशीवाले गृहस्थ येऊन बसले. बसण्याआधी त्यांनी सीट उचलून खाली पाहिलं, समोरचा कप्पा उघडून पाहिला, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांना माणूस आवडला.

"जय भीम. देवराव उंदिरवाडे," गृहस्थ म्हणाले. "धानोऱ्याकडचा. फॉरेस्टात होतो. आता रिटायर."

"जय भीम. निमगडे. हैद्राबादला कसे काय?"

"डोळे तपासाले. पोरगी हाये तिथं, दिव्या. जवाई हायेत. त्याइनंच तिकीट काढलं." देवराव जरा जवळ सरकले. "पन माह्या डोळ्याइले काहीच झालं नाई. झाडावर बिबट बसला असला तं मले त्याची शेपटी दिसते."

"मग जाता कशाला?"

"तेच तं पाहाले जाऊन राह्यलो. घरचे सारे मांगं लागले. बायको म्हने जा, पोरगा म्हने जा. सव्वा तासाचा तं प्रश्न हाये, म्हने."

वामनराव खिडकीकडून पुरते वळून बसले. "हे वाक्य कोण कोण बोललं?"

"चौघंही. बायको, पोरगा, पोरगी, जवाई. एकच वाक्य." देवरावांनी चार बोटं दाखवली. "साहेब, सागवानाच्या केसमध्ये चार साक्षीदार एकच वाक्य बोलले का मी चौघाइलेही चहा पाजून घरी धाडो, अन् ज्यानं पढवलं त्याले धरो."

वामनरावांना भरून आलं. चौतीस वर्षं ते हेच सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. "आज तुमच्या घरी कोणी येणार होतं का?" त्यांनी विचारलं.

"येनार कोनी नाई. जानार होते. आमच्या गावात इतवारी नावाचा एक मानूस हाये, तो म्हने का बायको अन् पोरगा चंद्रपूरले जाऊन राह्यले, पोरगी पाहाले. पन तो एकटाच म्हनत होता. एकट्या मानसाच्या बोलन्यावर मी जात नाई."

"बरोबर करता."

"त्याचं तं म्हननं असं, का पोरीचा बाप लय वाईट हाये. पेपरवाला. मानूस घरात आला का त्याची चौकशीच लावते. म्हनून म्हने त्यालेही आज कुठंतरी धाडून देनार हायेत." देवराव हसले. "आता सांगा, असा कोन बाप असन, जो—"

ते थांबले. वामनरावांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पुढच्या बाजूला विमानाचं दार धाडकन बंद झालं.

"मुलाचं नाव काय?" वामनरावांनी विचारलं.

"अश्वजित. एटापल्लीले कृषी खात्यात हाये." मग हळूच, "पोरीचं?"

"रिना."

दुजोरा मिळाला होता. स्वतंत्र, विश्वासार्ह, थेट मुलाकडचा. वामनराव ताडकन उठले. पट्टा लावलेला असल्याने अर्धेच उठले.

"मला उतरायचं आहे."

हवाई सुंदरी हसत आली. "सर, प्लीज बैठ जाइए."

"ड्रायव्हरला सांगा, घरी अर्जंट आहे."

"सर, डोअर बंद हो चुका है. और सवा घंटे का ही तो सवाल है."

देवराव आणि वामनरावांनी एकमेकांकडे पाहिलं. हिलाही पढवली होती.

एसटी असती तर दोरी ओढून घंटी मारली असती, कंडक्टरशी भांडून पुलावर उतरले असते. इथे दोरीच नव्हती. फोन काढावा तर ती बाई डोक्यावर उभी राहून तो बंद होईपर्यंत हलली नाही. विमान धावलं, उचललं गेलं, आणि खाली कुठल्यातरी कुंपणापाशी सुनिल हात हलवत असणार याची वामनरावांना खात्री होती.

थोड्याच वेळात डाव्या खिडकीत काळे खड्डे दिसू लागले.

"माजरी," वामनराव म्हणाले. कोळशाचे ढीग, त्यांच्यामधून वळणारी नदी, आणि पलीकडे दूर, हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात, वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर. त्या चिमण्यांच्या थोडं अलीकडे त्यांचं घर होतं. सकाळी जो रस्ता कापायला तीन तास लागले तो विमानाने चहा थंड होण्याआधी उलटा कापला होता.

"तिथं?" देवराव त्यांच्या अंगावरून वाकून खिडकीला नाक लावत म्हणाले.

"तिथं. आता पाहुणे बसले असतील. तुमचा मुलगा भिंतीकडच्या सोफ्यावर."

"बायको उजवीकडं बसली असन. तिले पंखा लागते."

दोन बाप काचेला कपाळ टेकवून पाहत राहिले. आपल्या पोरांचं लग्न तिथे खाली ठरत किंवा मोडत होतं, सरळ डोळ्यांसमोर, आणि विचारायला एकही प्रश्न तिथपर्यंत पोचत नव्हता. चिमण्या हळूहळू मागे सरकल्या आणि पंखाखाली गेल्या.

मग वामनराव घसा खाकरून म्हणाले, "उरलेल्या वेळात आपण आपलं काम करून घ्यावं, असं मला वाटतं."

"मलेही तेच वाटते," देवराव म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"मुलगा पितो?"

"तुमी पाह्यलं का कधी?"

"नाही."

"मंग मीही नाई पाह्यलं. पोरगी रागीट हाये?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. तुमच्याकडं पाहून विचारलं. बँकेत पर्मनंट हाये का नुसती येते-जाते?"

"पर्मनंट. मुलगा एटापल्लीत खरंच राहतो, की आठवड्यातून एकदा सही करायला जातो?"

"राह्यते. गावातले लोक त्याले वैतागले हायेत, एवढं राह्यते. म्हनजे कामाचा मानूस." देवरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "साहेब, मी रात्रंदिवस सागवानाचे चोर धरले. तुमच्यावानी प्रश्न विचारनारा एकही भेटला नाई."

वामनरावांना बरं वाटलं, पण ते विरघळले नाहीत. त्यांचा शेवटचा प्रश्न बाकी होता. दुसरं स्थळ खरं तर याच प्रश्नावर आपटलं होतं. लग्न जुळवताना आमच्याकडे अंतरं आकसतात. रानात आत असलेलं गाव 'रस्त्यालाच लागून' होतं, दिवसाचा प्रवास 'हे इथंच' होतो. जो माणूस अंतराला खोटं बोलला तो हुंड्यापासून आजारपणापर्यंत सगळ्याला खोटं बोलणार, असा वामनरावांचा सिद्धांत होता.

"तुमचं गाव धानोऱ्यापासून किती?"

देवराव क्षणभरही थांबले नाहीत. "सरपंच बारा किलोमीटर म्हनते. मी सतरा म्हनतो. अन् पावसाळ्यात नाल्यावर पानी आलं का मोजूच नका, दोन दिवस इकडचा मानूस इकडं अन् तिकडचा तिकडं. तुमची पोरगी आली तं पयले हे तिले सांगा, मंग बाकीचं."

वामनराव त्यांच्याकडे पाहत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांना भेटलेला हा पहिला माणूस, ज्याने आपलं गाव सरकारी आकड्यापेक्षा लांब सांगितलं.

"आणि तुमचं घर बसस्टँडपासून?" देवरावांनी विचारलं.

"रिक्षावाला पाच मिनिटं म्हणतो," वामनराव भारावून म्हणाले. "पंधरा लागतात. गटाराचं काम चालू आहे."

आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. वामनरावांनी दोन चहा मागवले. चहाबरोबर साखरेच्या कागदी पुड्या आल्या. देवरावांनी एक पुडी फोडली, चिमूटभर साखर वामनरावांच्या तोंडात घातली. वामनरावांनी दुसरी फोडून देवरावांच्या. मिशीला लागलेली साखर पुसत देवराव "व्याही" म्हणाले, आणि वामनरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. पलीकडच्या सीटवरच्या बाईने नवऱ्याला कोपर मारून दाखवलं.

विमान उतरायला लागलं तसा वामनरावांचा राग पार निवला होता. त्यांना वाटलं, मीराने फसवलं ते फसवलं, पण माणसं चोख निवडली. पोरीला यापेक्षा चांगलं घर मिळायचं नाही. आणि मुख्य म्हणजे चौकशी व्हायची ती झालीच, फक्त दिवाणखान्याऐवजी ढगात झाली. चाकं जमिनीला लागताच दोघांनी फोन चालू केले. देवरावांचा लगेच वाजला. ते पाठ वळवून "हं... हं... काऊन पन?" असं काहीतरी बोलू लागले. वामनरावांनी घरी लावला.

"मीरा, मला सगळं समजलं. मुलाचे वडील इथे माझ्याशेजारीच आहेत. मी चिडलो नाही. माणसं सोन्यासारखी आहेत, मी शब्द दिला. साखर खाल्ली आम्ही."

पलीकडे मीराबाईंनी हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रिनानं नाई म्हनलं," मीराबाई म्हणाल्या.

"नाही म्हणाली? का? मी तर तिथे नव्हतो."

"तेच तं." मीराबाईंचा आवाज थकलेला होता, आणि मागे रिना हसत होती. कितीतरी महिन्यांनी तिचं असं हसणं वामनरावांच्या कानावर येत होतं. "पोरगं आलं, बसलं, अन् पयले विचारलं, बँक घरून किती दूर. रिना म्हने, दहा मिनिटं. त्यानं लगेच मोबाईल काढला. म्हने, इथं तं सतरा दाखवते. मंग विचारे, भिंतीवरचं घड्याळ पुढं काऊन हाये. मंग विचारे, कपाचा रंग निराळा अन् बशीचा निराळा, शेजारून आनले का. चहा प्याच्या आधी सुंगला त्यानं."

"प्रश्न तसे बरोबर आहेत," वामनराव नकळत म्हणून गेले.

"रिनानं त्याले सारी उत्तरं देल्ली. चांगली घंटाभर बोलली त्याच्यासंग, कोनी मधात आलं नाई. मंग तिनंच हात जोडले. म्हने, भाऊ, मानूस तुमी चांगले हा, पन हे एवढं मी लहानपनापासून केलं, आता जमनार नाई."

वामनरावांनी काचेबाहेर पाहिलं. देवरावही फोन बंद करून त्यांच्याकडे न पाहता पिशवी शोधत होते.

"पण मी इकडे असताना—"

"तुमाले एवढ्या दूर उडवून काय फायदा झाला, सांगा," मीराबाई म्हणाल्या. "सोफ्यावर पाह्यलं तं तुमीच बसून होते. फक्त डोक्यावर केस होते."